खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ: युरियाचा खर्च खरंच वाचतो का?

पाणथळ

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले, पाऊस जरा उघडला आणि खाचरात पाणी ठरलं की रोपांच्या मधल्या जागेत एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. दुपारी उन्हात त्याच्या पोटात बुडबुडे अडकतात, पापुद्रा फुगून वर येतो आणि वाऱ्याबरोबर बांधाच्या कोपऱ्यात जाऊन साचतो. आमच्या गावात बरेच जण तो ओढून बांधावर फेकतात. सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: "हे शेवाळ म्हणजे फुकटचा युरिया, अजिबात काढू नका." त्याखाली काहींनी "सगळं थोतांड" म्हणून शिक्का मारलाय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि घरची थोडी भातशेतीही आहे, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

पहिली गोष्ट, खाचरातलं प्रत्येक शेवाळ कामाचं नसतं. हातात घेतल्यावर केसांच्या बटेसारखे लांब, पोपटी धागे निघत असतील तर ते बहुधा खरंखुरं शेवाळ. ते हवेतला नत्र बांधत नाही, उलट जमिनीतला खातं. गडद निळसर-हिरवा किंवा काळपट, चिकट पापुद्रा असेल, किंवा जेलीसारख्या गोळ्या असतील, तर तो आपला गडी असण्याची शक्यता जास्त. कृषीखात्याच्या पत्रकांत याला 'निळे-हिरवे शेवाळ' म्हणतात, पण हे आहेत जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही. हरितद्रव्य मात्र आहे, आणि सोबत फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य. त्यामुळेच ती निळसर झाक.

कोपऱ्यातल्या पापुद्र्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्यात ॲनाबिना ही सायनोबॅक्टेरियाची जात असेल तर मण्यांची माळ दिसते. सगळे मणी निळसर-हिरवे, एका मापाचे. पण मध्येच एखादा मणी जरा मोठा, फिकट, जाड भिंतीचा असतो आणि शेजारच्या मण्यांना जिथे तो जोडलेला असतो तिथे दोन्ही टोकांना चमकदार ठिपका दिसतो. साधारण दर दहा-पंधरा पेशींनंतर असा एक. हाच हेटरोसिस्ट, आणि माझ्या मते सगळ्या धाग्याचा जीव या एका पेशीत आहे.

कारण असं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू इतके घट्ट बांधलेले असतात की ते सोडवायला नायट्रोजनेज हे विकरच (एन्झाइम) लागतं. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीतलं ऊर्जेचं चलन) किमान १६ रेणू खर्ची पडतात. हे विकर प्राणवायूच्या संपर्कात आलं की कायमचं निकामी होतं. आणि आपला जिवाणू तर दिवसभर पाणी फोडून प्राणवायूच सोडत असतो! दोन्ही कामं एकाच खोलीत चालणं शक्य नाही. म्हणून विरघळलेला नत्र संपला की माळेतल्या काही पेशी साधारण एका दिवसात स्वतःला बदलून घेतात. बाहेरून प्राणवायू झिरपू नये म्हणून स्निग्ध पदार्थाचं जाड अस्तर चढवतात, पाणी फोडणारी यंत्रणा बंद करतात, निळी रंगद्रव्यंही बरीचशी मोडून टाकतात (म्हणून त्या फिकट दिसतात). यानंतर त्या पेशीचं विभाजन नाही, परतीची वाट नाही. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात आणि ती त्यांना ग्लुटामिनच्या रूपात नत्र देते. "माझ्या जवळ दुसरी हेटरोसिस्ट नको" असा निरोपही ती एका छोट्या पेप्टाइडमधून (प्रथिनाच्या तुकड्यातून) शेजाऱ्यांना पाठवते, म्हणून त्यांच्यामधलं अंतर ठरलेलं राहतं. जिवाणूंमध्ये एवढी कामाची वाटणी! मला हे दर वर्षी शिकवतानाही नवल वाटतं.

आता शेतीचं. भाताची जमीन वर्षानुवर्षं खत न घालताही थोडंफार पीक कशी देते, याचा शोध घेताना प. क. डे यांनी १९३९ मध्ये बंगालमधल्या भातजमिनींतल्या या शेवाळाकडे बोट दाखवलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातल्या रा. ना. सिंह यांनी उत्तरेतल्या खारवट 'उसर' जमिनी याच शेवाळाच्या मदतीने सुधारता येतात असं १९५० मध्ये मांडलं. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने नंतर त्याचं खत म्हणून तंत्र बसवलं. म्हणजे थोतांड म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण फुकटचा युरिया म्हणणाऱ्यांनीही. चांगलं जमलं तर हंगामाला हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतं असं धरतात. कोकणातल्या सुधारित भाताला शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्राची. हिशोब तुम्हीच करा.

---

रानभूल

सुंदर धागा. एक शंका: पाव भाग नत्र तिकडून आणि तीन पाव युरियातून, असं सरळ करता येईल ना?

---

पाणथळ

रानभूल, एवढं सरळ नाही. पाण्यात युरिया पडला की जिवाणूला आयता नत्र मिळतो. मग तो हेटरोसिस्ट बनवायच्या भानगडीत पडतच नाही, आयता खाऊन वाढतो. म्हणून युरिया हप्त्याहप्त्याने आणि शक्यतो चिखलात खोलवर द्यायचा. युरिया-डीएपीच्या गोळ्या रोपांमध्ये खोचतात तसा. पाण्यावर फोकून दिला तर दोन्ही पैसे वाया. शिवाय शेवाळाने बांधलेला नत्र पिकाला लगेच मिळत नाही. पेशी मरून कुजल्यावर मिळतो, त्यातला बराचसा पुढच्या पिकाला.

---

कातळवाडी

पाणथळ सर, आमच्याकडे तर लोक म्हणतत, "शेवाळ इला म्हणजे भात बसला!" रोपं लहान असताना पापुद्रा पातीवर चढला तर रोप खाली दबतं, ते खरंच आहे. त्यामुळे ओढून काढणारे अगदीच वेडे नाहीत.

मी दोन-तीन हंगाम पाकिटातलं कल्चर (या शेवाळाचं विरजण) टाकून पाहिलं. एका दुकानातून घेतलेलं, त्यावर ना तारीख ना जिवाणूचं नाव. टाकलं, पाऊस आला, बांधावरून पाणी वाहिलं. आमचं कल्चर गेलं खालच्या चुलत्यांच्या खाचरात. त्यांचं भात चांगलं झालं बरं का, पण ते दर वर्षी चांगलंच होतं, त्यांच्याकडे शेण जास्त.

---

पाणथळ

कातळवाडी, हाहा. पण मुद्दा पक्का आहे. हे तंत्र जिथे बसवलं गेलं तिथलं पाणी कालव्याचं, शांत, आणि जमीन उदासीन ते विम्लधर्मी. या जिवाणूंना तसंच आवडतं. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, स्फुरद लोहाला धरून बसलेलं, आणि जुलैत आभाळ महिनाभर भरलेलं. त्यामुळे उत्तर प्रदेशात किंवा तमिळनाडूत आलेले आकडे कोकणात तसेच्या तसे येणार नाहीत. पत्रकांत हे कुणी लिहीत नाही, याचा मला राग आहे.

पाकिटावर भरवसा ठेवण्यापेक्षा स्वतः वाढवा. उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, ऊन चांगलं असताना. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा, तळाला प्लॅस्टिक. त्यात आठ-दहा किलो चाळलेली शेतातली माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, माती आम्ल असेल तर थोडा चुना. चार-सहा बोटं पाणी भरायचं, माती बसू द्यायची, मग वर मूळ कल्चर भुरभुरायचं. ढवळायचं नाही. आठ-दहा दिवसांत जाड साय धरते. पाणी आटू द्यायचं, पापुद्रे सुकून वाकडे झाले की खरवडून कापडी पिशवीत भरायचे. सावलीत कोरडे ठेवले तर बरेच महिने टिकतात. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो, पाणी शांत असलेला दिवस बघून.

खड्ड्यात डासांच्या अळ्या होतात आणि त्या शेवाळ फस्त करतात. खाचरात तेच काम गोगलगायी आणि बारीक कवचधारी प्राणी करतात. कित्येकदा "कल्चर आलं नाही" म्हणतात तेव्हा ते आलेलं असतं, पण खाल्लं गेलेलं असतं.

---

शंकासुर

वाचतोय. पण धाग्यात एक ओळ निसटून गेली त्यावर बोला की. "पाणी फोडून प्राणवायू सोडतो." पृथ्वीवरचा निम्मा प्राणवायू हेच बनवतात असं ऐकलंय. खरं का?

---

सूक्ष्मदर्शी

मी उत्तर देते, माझं काम समुद्री प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) आहे.

तो निम्मा आकडा समुद्रातल्या सगळ्या वनस्पती-प्लवकांचा मिळून आहे, त्यात डायॅटमसारखी खरी शैवालंही आली. सायनोबॅक्टेरियांचा वाटा सागरी उत्पादनाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास धरतात. आणि समुद्रात तयार झालेला प्राणवायू बहुतेक सगळा तिथेच श्वसनात आणि कुजण्यात खर्च होतो. म्हणून "आपला प्रत्येक दुसरा श्वास" वगैरे वाक्यं भिंतीवर लावायला ठीक आहेत.

पण प्रोक्लोरोकॉकस या समुद्री सायनोबॅक्टेरियाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिलिमीटरच्या साधारण दीड-दोन हजाराव्या भागाएवढा. उबदार समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये लाखभर सापडतात. पृथ्वीवर सर्वाधिक संख्येने असलेला प्रकाशसंश्लेषी जीव हाच. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं! पेनी चिझम आणि रॉब ओल्सन यांनी रक्तपेशी मोजायच्या तंत्राचं यंत्र जहाजावर नेलं, तेव्हा पडद्यावर फारच बारीक, लालसर चमकणारे कण दिसले. आधी ते यंत्राचा गोंधळ वाटले होते. १९८८ मध्ये शोध जाहीर झाला.

हवेतल्या प्राणवायूचं खरं देणं जुनं आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्राणवायू पहिल्यांदा टिकून राहू लागला, तो यांच्यामुळे. पाणी फोडायची युक्ती सजीवांच्या इतिहासात एकदाच जमली, ती यांच्या पूर्वजांना. झाडांनी ती शिकलेली नाही, झाडांनी जिवाणूच आत घेतला. पानातलं हरितलवक म्हणजे कधी काळी गिळलेला आणि न पचलेला सायनोबॅक्टेरिया. रशियाच्या मेरेझकोव्स्कींनी १९०५ मध्ये हे सुचवलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी नेटाने मांडलं आणि पुढे हरितलवकाच्या डीएनएने ते पक्कं केलं.

---

मांडवीकाठ

छान चर्चा. आमच्या डिचोलीच्या खाणीत जो खडक दिसतो, लाल आणि करडे पट्टे एकावर एक, त्याचा आणि या प्राणवायूचा संबंध आहे असं एका भूगर्भवाल्या मित्राने सांगितलेलं. लोखंड समुद्रात विरघळलेलं होतं म्हणे.

---

सूक्ष्मदर्शी

मांडवीकाठ, संबंध आहे, पण जरा गुंतागुंतीचा. प्राणवायू नसलेल्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात होतं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की ते गंजासारखं तळाशी बसायचं, मध्ये सिलिकाचे थर. असे पट्टेदार लोहखडक जगभर आहेत, आणि गोव्याचं खनिज अशाच पट्टेदार खडकांची झीज होऊन, पावसाने बाकीचं धुवून नेऊन समृद्ध झालेलं आहे. पण सगळं लोह प्राणवायूनेच बसलं असं नाही. प्रकाश वापरून थेट लोहावर जगणारे, प्राणवायू न सोडणारे जिवाणूही आहेत, आणि बऱ्याच जुन्या थरांचं श्रेय त्यांना देणारे अभ्यासक आहेत. वाद मिटलेला नाही.

यांचे स्वतःचे अवशेष बघायचे तर राजस्थानात जा. चित्तोडगडजवळ भोजुंद्याला स्ट्रोमॅटोलाइट आहेत, जिवाणूंच्या थरावर गाळ, त्यावर पुन्हा थर, असे वाढत गेलेले दगडी घुमट. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचे स्ट्रोमॅटोलाइट तर फॉस्फेटचे आहेत आणि तो दगड खतासाठी खणला जातो. पाणथळ, तुमच्या खड्ड्यातल्या स्फुरदाचं मूळ कुठलं असेल बघा!

---

पाणथळ

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वर्षी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

---

मांडवीकाठ

अजून एक. फेब्रुवारी-मार्चनंतर कधी कधी किनाऱ्यावर तपकिरी भुशासारखा तवंग येतो, कुजला की घाण वास. लोक तेल गळलं म्हणून ओरडतात. आणि रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा, त्याही यांच्याच का?

---

सूक्ष्मदर्शी

चमकणाऱ्या लाटा नाहीत. त्या बहुतेक वेळा नॉक्टिल्युका, वेगळाच जीव, त्याला केंद्रक असतं. भुसा मात्र बहुधा ट्रायकोडेस्मियम, हा समुद्रातला सायनोबॅक्टेरिया. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या खलाशांनीही अशा तवंगाला समुद्रातला लाकडाचा भुसाच म्हटलं होतं. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अरबी समुद्रातल्या या फुलोऱ्यांवर (एकाएकी फोफावलेल्या वाढीवर) बरंच काम केलंय. ओंजळीत पाणी घेतलंत तर बारीक काड्यांच्या जुड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आणि इथे मूळ धाग्याला थोडा छेद देते. ट्रायकोडेस्मियम नत्र बांधतो, भर दिवसा बांधतो, आणि त्याला हेटरोसिस्ट नसते! दिवसातल्या काही तासांत प्राणवायू कमी करून आणि काही पेशींवर जास्त भार टाकून तो निभावतो असं दिसतं, पण पूर्ण उलगडा झालेला नाही. काही एकपेशीय जाती सरळ पाळी लावतात: दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री नत्र.

---

शंकासुर

जिवाणूला रात्र झाली हे कसं कळतं? अंधार पडला म्हणून?

---

सूक्ष्मदर्शी

अंधारावर अवलंबून राहिला तर उशीर होईल, तयारी आधीच करावी लागते. त्यांच्यात २४ तासांचं घड्याळ आहे. काय-ए, काय-बी, काय-सी अशी तीन प्रथिनं. २००५ मध्ये जपानमध्ये ताकाओ कोंदो यांच्या गटाने ही तीन प्रथिनं आणि एटीपी परीक्षानळीत एकत्र केली. ना पेशी, ना जनुकं, आणि तरी घड्याळ चालू. काय-सीवर फॉस्फेट चढणं-उतरणं २४ तासांच्या लयीत, दिवसचे दिवस.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमचं लोणार विसरले का सगळे? २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते याच शेवाळाने ना? पेपरात तसंच छापून आलं होतं.

---

पाणथळ

भाऊ, सुरुवातीला तसे तर्क निघाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंग हॅलोआर्किया या मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांचं फावलं. लोणारचं नेहमीचं हिरवेपण मात्र सायनोबॅक्टेरियांचं आहे. एवढ्या विम्लधर्मी पाण्यात स्पिरुलिना या खाल्ल्या जाणाऱ्या सायनोबॅक्टेरियाचे भाऊबंद आरामात राहतात.

---

तिळगूळ

स्पिरुलिना म्हटल्यावर विचारतेच. सासूबाई पक्क्या शाकाहारी, बी-१२ कमी आहे. एकीने स्पिरुलिनाच्या गोळ्या सुचवल्यात, "नैसर्गिक बी-१२" म्हणून. घ्याव्यात का?

---

सूक्ष्मदर्शी

तिळगूळ ताई, बी-१२ साठी नको. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश छद्म बी-१२, आपल्या शरीराला न चालणारं. काही तपासण्यांत ते खऱ्यासारखं मोजलं जातं, म्हणून डब्यावरचा आकडा मोठा दिसतो. त्यांना डॉक्टरांकडून साधं बी-१२ लिहून घ्या, स्वस्तही पडेल. प्रथिनांचं म्हणाल तर वाळलेल्या स्पिरुलिनात ६० टक्क्यांच्या आसपास असतात, चाडच्या तळ्याकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वड्या खातात. पण दिवसाला दोन-तीन ग्रॅमच्या गोळ्यांत प्रथिनं येणार किती? वाटीभर उसळ परवडली.

---

ईरीकाठचा

ओहायोतून लिहितोय. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही टोलेडोत होतो. सकाळी उठलो तर सूचना: नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. आपल्या आयांनी शिकवलेलं सगळं उलटं. ईरी सरोवरात मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा फुलोरा आला होता आणि मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष पाण्यात उतरलं होतं. चार-पाच लाख लोकांचं पाणी जवळपास तीन दिवस बंद. दुकानांतल्या बाटल्या दुपारपर्यंत संपल्या, शेजारी मिशिगनमधून भरून आणत होते. मूळ कारण शेतातून वाहून येणारं स्फुरद. त्यामुळे खाचरात सुपर फॉस्फेट टाकायचं वाचून जरा धसकलोच.

---

पाणथळ

ईरीकाठचा, धसका योग्य आहे. उकळल्याने हे विष मोडत नाही, उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात येतं आणि पाणी आटलं की तीव्रता वाढते. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष गेलं आणि पन्नासावर रुग्ण दगावले. आपल्याकडे सांडपाणी येणाऱ्या तलावांवर हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखा थर दिसतो, तो बऱ्याचदा हाच. तिथे गुरं पाण्यावर नेऊ नका, कुत्र्यांना उतरू देऊ नका.

खाचरातल्या जाती बहुतेक वेगळ्या, आणि ते पाणी आपण पीत नाही. पण बांधावरून पाणी थेट ओढ्यात जात असेल तर स्फुरद जपूनच द्या. आणि कल्चर म्हणून कुठल्याही तळ्यातला हिरवा थर उचलून आणू नका, हे ठळक अक्षरात लिहायला हवं होतं.

---

कातळवाडी

सर, मग माझ्या खाचरातलं शेवाळ कामाचं की बिनकामाचं, कसं कळणार? बाटलीत भरून पाठवलं तर बघाल?

---

पाणथळ

जरूर. पापुद्रा चिमूटभरच घ्या, बाटलीत खाचराचंच पाणी अर्ध्यापर्यंत भरा, वर हवा राहू दे. झाकण अगदी घट्ट नको. फ्रीजमध्ये ठेवू नका, उन्हातही नको. युरिया टाकून आठवडा झाला नसेल तर थांबा, नाहीतर हेटरोसिस्ट दिसणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल सरांनी उगाच नापास केलं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.